प्रभूच्या आगमनाची तारीख, मुलीची एफडी आणि खरा विश्वास

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न मोठा होता, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकरोडला राहता, मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. ज्या घरगुती प्रार्थनासंगतीला तुम्ही दोघं जाता तिथे काही महिन्यांपासून शेवटच्या काळाखेरीज दुसरा विषय नाही, आणि आता एका बंधूंनी पुढच्या वर्षातली तारीखच सांगितली आहे. मिस्टर राजीनामा देऊन पूर्ण वेळ सुवार्तेला देऊ म्हणतात. मुलीच्या डिप्लोमासाठी ठेवलेली एफडी मोडायची गोष्ट घरात निघाली आहे. तुम्हाला मात्र आगमनाचं नाव काढलं की आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. त्यावर संगतीत तुम्हाला ऐकवलं गेलं, की खऱ्या विश्वासणाऱ्याला भीती वाटत नाही, तुझा विश्वास वरवरचा आहे. तुमचे प्रश्न दोन: येशू खरंच इतक्यात येणार आहे का, आणि माझा विश्वास खोटा आहे का?

यात एक तिसरा प्रश्न दडलेला आहे, जो तुम्ही विचारला नाहीत. एका माणसाने मांडलेल्या हिशोबावरून दुसऱ्याच्या घरातली नोकरी, फी आणि झोप ठरवायचा अधिकार कुणाला आहे का? माझ्या मते खरी अडचण तीच आहे. दृढीकरणाच्या वर्गात आणि घरोघरच्या शास्त्रपाठात हा भाग शिकवताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं: आगमनाच्या शिकवणीने माणूस सहसा बिघडत नाही, तिच्यावर चिकटवलेल्या तारखेने बिघडतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमची मूळ मंडळी कोणती, यावर घटनांच्या क्रमाबद्दल तुम्हाला मिळणारं उत्तर बदलेल. मिस्टर नुसते भारावलेले आहेत की राजीनाम्याचं पत्र लिहून बसलेत, यावर घरात काय बोलायचं ते बदलेल. आणि ते बंधू भाबडे आहेत की पैसे गोळा करताहेत, यावर पुढचं पाऊल बदलेल. तारखेबद्दलचं उत्तर मात्र यातल्या कशावरही अवलंबून नाही.

सगळ्या मंडळ्या जे एकमुखाने मानतात ते आधी घ्या. येशू ख्रिस्त स्वतः पुन्हा येईल, सर्वांना दिसेल असा येईल, मेलेले उठवले जातील, न्याय होईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. इ.स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडल्या गेलेल्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, हे आलं आहे, आणि शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली उपासना असो की त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉसमधली मिस्सा, हा विश्वास दोन्हीकडे उच्चारला जातो. नाताळाआधीचे चार रविवार आपण आगमनकाळ म्हणून पाळतो. ती गोठ्यातल्या बाळाची तयारी असते, तशीच या दुसऱ्या आगमनाचीही. आपल्याकडे केक, करंज्या आणि चांदण्यांच्या गडबडीत ही दुसरी बाजू बहुतेक वेळा राहून जाते. मग रविवारी मंडळीत जे कधी ऐकलंच नाही, ते मंगळवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये एकदम ऐकायला मिळालं की माणूस हादरतो. यात तुमच्या मिस्टरांइतकाच दोष आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे.

मतभेद सुरू होतात ते क्रमावरून. प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायात ‘हजार वर्षे’ हे शब्द सहा वेळा येतात. ख्रिस्त त्या हजार वर्षांच्या आधी येणार, नंतर येणार, की ती वर्षं म्हणजे मंडळीचा आजचाच काळ, यावर तीन मोठी मतं आहेत. कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) यांसारख्या मंडळ्यांत हजार हा आकडा सहसा प्रतीक म्हणून वाचतात. ब्रदरन आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल संगतींमध्ये तो अक्षरशः घेतात, आणि त्याआधी विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील, मग सात वर्षांचं महासंकट येईल, असा क्रम शिकवतात. हा विशिष्ट क्रम १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या ब्रदरन पुढाऱ्यांच्या शिकवणीतून पसरला, आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टिपांच्या बायबलने तो जगभर नेला. तो मानणारे खरे ख्रिस्ती नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘हे न मानणारा विश्वासणाराच नव्हे’ असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर मंडळीच्या पहिल्या अठराशे वर्षांतले जवळपास सगळेच लोक तो बाद करतोय, एवढं लक्षात असू द्या.

‘उचलले जाणे’ हा शब्द जिथून आला ते वचन म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचं ४:१७. ते वाचताना मागची चार वचनंही वाचा. प्रेषित पौलाचं हे पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना काळजी होती, की आपल्या माणसांचं आगमन चुकलं की काय. पौल त्यांना सांगतो की मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ, आणि शेवटी म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे हा उतारा मयताच्या घरी वाचायला लिहिलेला आहे, पोरांना घाबरवायला नव्हे.

त्यातला ‘सामोरे’ हा शब्दही पाहा. मूळ ग्रीक शब्द ‘अपान्तेसिस’. हाच शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात नवरदेवाला सामोरं जाण्यासाठी आहे, आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला घ्यायला वाटेवर येतात तिथेही आहे. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये. सीमांतपूजनाला वधूकडची मंडळी वेशीवर जातात ती तिथून नवरदेवाबरोबर परगावी निघून जायला नव्हे, त्याला वाजतगाजत गावात आणायला. म्हणून बरेच अभ्यासक या वचनाचा अर्थ ‘पृथ्वी सोडून पळणे’ असा न घेता ‘येणाऱ्या राजाला सामोरं जाऊन सोबत आणणे’ असा घेतात. डार्बींचा क्रम मानणारे बंधू हे मान्य करणार नाहीत. त्यांचं म्हणणं, शब्द एकच असला म्हणून प्रत्येक वेळी परत फिरणं अभिप्रेत असतंच असं नाही. वाद खुला आहे. मला सामोरं जाऊन सोबत आणण्याचा अर्थ पटतो, कारण तो दहा कुमारींच्या दाखल्याशी जुळतो.

आता तारीख. मत्तय २४:३६ आणि मार्क १३:३२ दोन्हीकडे येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘दिवस आणि घटका कळणार नाही, पण महिना-वर्ष कळू शकतं.’ त्याला प्रेषितांची कृत्ये १:७ पुरेसं आहे. तिथे येशू ‘काळ आणि समय’ जाणणं तुमच्याकडे नाही असंच सांगतो. त्यात वर्षही आलं.

तरी लोक हिशोब करतातच. तो कसा केला जातो ते एकदा पाहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चटकन ओळखता येईल. अमेरिकेतला विल्यम मिलर हा प्रामाणिक, अभ्यासू शेतकरी होता. दानीएल ८:१४ मध्ये २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असं आहे. त्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, सुरुवात इ.स.पू. ४५७ पासून केली आणि १८४३ काढलं. ते साल रिकामं गेल्यावर ध्यानात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. एक वर्ष पुढे सरकवून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. काहींनी पिकं शेतात तशीच सोडली. २३ तारखेचा सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात या घटनेला ‘मोठी निराशा’ असंच नाव आहे. त्या निराशेतून सावरलेल्या काही लोकांतून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली, आणि गंमत अशी की आज ती मंडळी आगमनाची तारीख ठरवू नका असंच शिकवते. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत ती.

ती एका वर्षाची चूक सुधारल्यावर या हिशोबात बेरीज चुकलेली नव्हती. तीन गृहीतकं मात्र मिलरने आपल्या पदरची घातली होती: दिवस म्हणजे वर्ष, मोजणीचा आरंभ हाच, आणि ‘पवित्रस्थान शुद्ध होणे’ म्हणजे ख्रिस्ताचं आगमन. तुमच्या बंधूंच्या कागदावरही अशीच दोन-तीन गृहीतकं सापडतील. हल्ली सर्वांत लाडकं म्हणजे इस्राएल राष्ट्र १४ मे १९४८ ला झालं, त्यात ‘एक पिढी’ मिळवा. पिढी चाळीस वर्षांची धरून १९८८ आलं आणि गेलं. मग पिढी सत्तरची झाली, आता ऐंशीची झाली. हवं ते साल येईपर्यंत पिढी ताणता येते.

आणखी दोन उदाहरणं, कारण त्यांत पैशाचा भाग आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रवचनकाराने २१ मे ही तारीख दिली, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर दिली. काही अनुयायांनी जन्माची पुंजी जाहिरातींत घातली. पुढच्या वर्षी त्याने तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं, पण पुंजी परत आली नाही. दक्षिण कोरियात एका पंथाने २८ ऑक्टोबर १९९२ सांगितली होती. त्याच्या पुढाऱ्याने जे बाँड घेऊन ठेवले होते त्यांची मुदत त्या तारखेच्या नंतर संपत होती. त्याला फसवणुकीसाठी तुरुंगवास झाला. म्हणून एक रोखठोक कसोटी सांगतो: जो तारीख सांगतो त्याचा भाडेकरार, गाडीचा हप्ता आणि मुलांचं ॲडमिशन कुठल्या तारखेपर्यंतचं आहे ते प्रेमाने विचारा.

चिन्हांचं काय? युद्ध, दुष्काळ, भूकंप. मत्तय २४:६ ते ८ नीट वाचा. येशू यादी देतो आणि लगेच म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हा वेदनांचा प्रारंभ आहे. कळा सुरू झाल्या म्हणजे बाळ कधी येणार हे कळलं असं कुठली बाई म्हणेल? त्याच अध्यायात यरुशलेमच्या मंदिराचा नाश आणि जगाचा शेवट हे शिष्यांचे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये पाडलं. अध्यायातलं कोणतं वचन त्या नाशाबद्दल आणि कोणतं अजून व्हायचं आहे, यावर जाणकारांचंही एकमत नाही. इतक्या गुंतलेल्या उताऱ्यातून कुणी मोबाइलवर तीन मिनिटांच्या व्हिडिओत तारीख काढून दाखवत असेल तर तिथेच थांबा.

६६६ बद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंत, की आधारचा नंबर, बारकोड हे प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायातलं ‘त्या श्वापदाचं चिन्ह’ आहे का. नाही. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन केसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ होते, आणि शेवटचा ‘न’ सोडला तर ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. म्हणजे पहिल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर सम्राट नेरो असावा, हे मत भक्कम आहे. शिवाय पुढच्याच अध्यायात, १४:१ मध्ये, कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. ते कुणी कार्डावर छापत नाही. चिन्ह म्हणजे तुम्ही कुणाचे, ही निष्ठा. रेशनच्या रांगेत अंगठा दिल्याने ती बदलत नाही.

मग पवित्र शास्त्र आगमनाबद्दल इतकं बोलतं ते कशासाठी? मत्तयाचा २४ वा आणि २५ वा अध्याय सलग वाचा. ९७ वचनं आहेत, मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ‘जागे राहा’ म्हटल्यावर येशू जी उदाहरणं देतो ती बघा. शहाणा कारभारी कोण? ज्याला धनी येईल तेव्हा घरच्यांना वेळच्या वेळी जेवण देताना सापडेल तो. छतावर चढून वाट बघणारा नव्हे. दहा कुमारी? झोप दहाही जणींना लागली, शहाण्यांनासुद्धा. फरक फक्त जास्तीच्या तेलाचा होता, म्हणजे नवरदेवाला उशीर होऊ शकतो हे ज्यांनी धरलं होतं त्या शहाण्या ठरल्या. तुमच्या संगतीत जे म्हणतात त्याच्या बरोबर उलट आहे हे: उशिराची तयारी ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे, तेच शहाणपण.

तिसरा दाखला रुपयांचा, म्हणजे तालान्तांचा. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, सुट्ट्या वगळल्या तर वीसेक वर्षांची कमाई. ज्याने एक तालान्त जमिनीत पुरला त्याने कारण दिलं, ‘मी भ्यालो’. आणि धनी त्याला काय म्हणतो? निदान पैसे सावकारांकडे ठेवायचेस, मला व्याजासकट मिळाले असते (२५:२७). एफडी मोडा म्हणणाऱ्या बंधूंना हे वचन जरूर दाखवा. थोडा विनोद म्हणून दाखवा, पण दाखवा.

काम सोडण्याबद्दल तर पत्रच आहे. थेस्सलनीकेतच, पहिल्या पत्रानंतर, ‘प्रभूचा दिवस येऊन ठेपला’ अशी अफवा उठली, आणि पौलाच्या नावावर पत्र फिरत असावं असं दुसऱ्या पत्राच्या २:२ वरून दिसतं. म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही होते. त्याच मंडळीत काहींनी कामधंदा सोडला होता. त्यांना त्याच पत्राच्या ३:१० मध्ये सरळ सांगितलं आहे, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आणि ३:१२ मध्ये, शांतपणे काम करून स्वतःची भाकर खावी. ही आज्ञा आगमन मानणाऱ्या प्रेषिताने आगमन मानणाऱ्या माणसांना दिली आहे.

याकोबाचं पत्र ५:७ मध्ये शेतकऱ्याचं उदाहरण देतं. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघत धीर धरतो. तिकडचा शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलचा आणि तो हवासा. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत त्या दिवसांत ढग आले तरी द्राक्षवाल्याची झोप उडते, तेव्हा हे उदाहरण इथे थोडं उलटं बसतं. पण मुद्दा कळतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत चार-साडेचार महिने जातात. गारपीट कधी होईल ठाऊक नाही म्हणून कुणी छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी सोडत नाही. याच शहरात शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनने गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं. रविवारी ‘तो पुन्हा येईल’ म्हणणारेच सोमवारी रंधा हातात देत होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तीमथ्याला पहिल्या पत्रात (१:५) पौल ‘निष्कपट विश्वास’ असे शब्द वापरतो. मूळ शब्द फोडला तर अर्थ होतो ‘ज्यात सोंग नाही असा’. ग्रीकमध्ये ढोंगी या अर्थाचा शब्द मुळात मुखवटा लावून रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या नटाचा आहे. पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून नाचायचा उत्सव, ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. सोंग नाचवणारा त्या रात्री देवही होतो आणि दैत्यही. तो खोटेपणा नाही, ती कला आहे. पण सकाळी मुखवटा उतरवावाच लागतो. विश्वासात कपट शिरतं ते आत भीती असताना वरून उत्साहाचा मुखवटा चढवल्याने, आणि तोच कायमचा ठेवल्याने. तुम्ही ‘मला भीती वाटते’ असं कबूल केलंत. सोंग न करण्याची ती पहिली खूण आहे.

भीती आणि विश्वास एकत्र राहू शकतात का? मार्क ९:२४ मधला बाप एकाच दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर कर. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला. प्रकटीकरण १:१७ मध्ये योहान गौरवी ख्रिस्ताला बघून मेल्यासारखा पडला. ज्याने ते पुस्तक लिहिलं तोच पडला, तर तुमच्या पोटात गोळा येण्याचं काय घेऊन बसलात? ‘प्रीती पूर्ण झाली की भीती घालवून देते’ हे वचन (योहानाचं पहिलं पत्र ४:१८) तुमच्यावर फेकलं गेलं असेल. त्यात भीती घालवायचं काम प्रीतीकडे दिलेलं आहे. दटावून भीती जाते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

भीती मात्र दोन प्रकारची असते, त्यात फरक करा. ‘मी जे करतेय ते बरोबर नाही’ अशी नेमकी टोचणी असेल, कुणाचे पैसे बुडवलेत, कुणाशी वर्षानुवर्षं अबोला आहे, तर ती ऐका. पैसे परत करा, फोन करा. त्यानंतर ती ओसरते. पण ज्या भीतीला नेमकं कारण नाही, जी रात्री व्हिडिओ पाहिल्यावर वाढते, ती पवित्र आत्म्याची टोचणी समजू नका. ती व्हिडिओची आहे.

आणि विश्वास खरा आहे की नाही याची खूण हवीच असेल तर २५ व्या अध्यायाचा शेवट बघा. न्यायाच्या वेळी सहा गोष्टी विचारल्या जातात: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. चिन्हं किती ओळखली हा प्रश्न त्या यादीत नाही. आणि ज्यांनी हे केलं त्यांना आठवतही नाही, ते विचारतात, प्रभू, आम्ही हे केव्हा केलं? तारण कृपेने आहे हे खरंच. या सहा गोष्टी त्याची किंमत नव्हेत. पण जिथे मुळं जिवंत असतात तिथे फळ न मोजताही येतं.

घरात काय करायचं ते आता सांगतो. मिस्टरांशी आकड्यांवर वाद घालू नका, आणि प्रार्थनेहून रात्री दहाला आल्यावर तर मुळीच नाही. आकड्यांना आकडा मिळतोच. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकच प्रश्न विचारा: ‘ती तारीख गेली आणि काही झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय म्हणाल?’ उत्तर त्यांच्याच हाताने वहीत लिहायला सांगा, तारखेसह. ते म्हणाले ‘माझं चुकलं असं मानीन’, तर धागा अजून हातात आहे. ‘असं होणारच नाही’ म्हणाले, तर एकट्याने लढू नका, मूळ मंडळीच्या पाळकसाहेबांना आणि त्यांच्या विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घ्या.

राजीनाम्याऐवजी शिल्लक रजा घ्यायला सुचवा. सुवार्तेची ओढ खरी असेल तर पंधरा दिवसांच्या रजेतही दिसेल, आणि ती टिकली तर पुढे पाळकांशी बोलून रीतसर विचार करता येईल. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ती मुलीची फी आहे. दोघांच्या नावावर असेल आणि दोघांच्या सहीची अट असेल तर तुमची सही तुमच्या हातात आहे. न देणं हा अविश्वास नव्हे. ‘आईवडिलांना द्यायचं ते मी देवाला अर्पण केलं’ म्हणणाऱ्यांना येशू मार्क ७:११ ते १३ मध्ये कसा झापतो ते वाचा. घरच्यांच्या हक्काचं धर्माच्या नावावर काढून घेणं त्याला चालत नाही. संगतीत पैसे मागितले जात असतील तर पावती, हिशोब आणि संस्थेचं नाव विचारा. यांपैकी काही मिळालं नाही किंवा विचारल्यावर ‘बंडखोर आत्मा’ असं ऐकवलं गेलं, तर तिथे जाणं बंद करा.

मुलीकडे लक्ष द्या. मुलांच्या मनात ही शिकवण वेगळीच बसते. शाळा-कॉलेजातून आल्यावर घर रिकामं दिसलं की आईबाप उचलले गेले, मी मागे राहिले, अशा भीतीने रडणारी मुलं या वातावरणात सापडतात. तिला थेट विचारा. तिच्यासमोर तारखेचे व्हिडिओ नकोत. तिला किंवा तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरकडे जा किंवा सरकारी टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. प्रार्थना चालू ठेवूनच हे करायचं.

वाचनाचा क्रमही सांगतो, कारण बहुतेक जण थेट प्रकटीकरण उघडतात आणि अडकतात. आधी मत्तय २४ आणि २५. मग थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं, मिळून आठ छोटे अध्याय, एका बैठकीत. मग पेत्राचं दुसरं पत्र, तिसरा अध्याय. तिथे उशिराचं कारण दिलं आहे, की प्रभूला कुणाचा नाश नको, सर्वांनी पश्चात्तापाकडे वळावं म्हणून तो धीर धरतो. मग तीताला पत्र २:११ ते १४. प्रकटीकरण शेवटी, आणि त्यातही पहिले तीन अध्याय आधी. आठवड्याला एक टप्पा, जमलं तर दोघांनी मिळून. प्रत्येक वेळी एवढंच बघा, की हा उतारा वाचणाऱ्याला काय करायला सांगतो.

राहिली ती तारीख. ती जाईल. १८४४ नंतर लोकांचं तीन प्रकारे झालं: काही आपल्या जुन्या मंडळ्यांत परतले, काहींनी ‘घडलं, पण स्वर्गात घडलं’ असा नवा अर्थ लावला, आणि काहींनी विश्वासच टाकला. तिसऱ्या वाटेला माणूस सहसा हिशोब चुकल्यामुळे लागत नाही, त्यानंतर झालेल्या हशामुळे लागतो. म्हणून मुलीला आणि सासरमाहेरच्यांना आधीच सांगून ठेवा, की त्या दिवसानंतर घरात कुणी टोमणा मारायचा नाही. वहीतलं ते पान आपण होऊन पुढे करू नका, त्यांना आठवेल. त्या आठवड्यात त्यांची कोणती शिफ्ट आहे ते आधी विचारून घ्या आणि डबा नेहमीसारखा भरा. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांची वेळ मागा, शक्यतो दोघांची मिळून. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल, फक्त जाताना त्यांना सांगून जा.